उसनं कातडं

मी कोल्हारच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांत आधी मीच हसायचो... त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय.

दुसरी मोठी लढाई संपली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या गुऱ्हाळावर कौसा, माझी धाकटी बहीण, उकळत्या रसाने भाजली. छाती आणि डावा हात. भिंगारला लढाईहून परतलेले एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे नेलं. ते म्हणाले, "हिचं कातडं काढायला हिच्यात आत्ता त्राण नाही. तुमच्या मांडीचं कातडं हातावर लावतो. परकं आहे, दोन-तीन आठवड्यांनी गळेल. तोवर तगली, तर हिचंच काढून कायमचं लावू."

मी कातडं दिलं. जखम सुकल्यावर आईला तिच्यापाशी ठेवून शाळेत रुजू झालो.

आणि रोज दुपारी वर्गात माझ्या मांडीवर, कातडं काढलेल्या जागी, कुणीतरी बोट फिरवू लागलं. गुडघ्याकडून वर. मध्येच थांबायचं, मग पुढे. सुकत्या जखमेची खाज असणार, असं मी ठरवून टाकलं.

एका दुपारी बोट आलं नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. खाज थांबली तर बरं वाटायला हवं होतं. पण का कोण जाणे, कौसा गेली, असंच वाटलं. वर्ग सोडून मिळेल त्या मोटारीने भिंगार गाठलं.

कौसा खाटेवर बसून दूधभाकरी खात होती!

"दादा, आज कसा काय आलास?"

"सहज." मी खाटेच्या कडेला टेकलो.

"तुजं कातडं काल सकाळी काढलं रं. सैल पडलं हुतं. आता माजं लावनार हायेत." मग जरा ओशाळून म्हणाली, "म्या रोज दुपारी पट्टीवरनं बोट फिरवायची. म्हनायची, दादाचं हायेस, ऱ्हा अजून."

"कसं फिरवायचीस?"

तिने मनगटापासून कोपराकडे बोट नेलं. मध्येच थांबवलं.

"हितं टाक्याची गाठ लागायची."

बाहेर डॉक्टरांना आडून विचारलं, त्या कातड्याला स्पर्श कळतो का? "छे," ते म्हणाले, "त्यात मज्जातंतू जुळलेलेच नसतात. तिला स्वतःचं बोटसुद्धा कळलं नसेल."

कौसा वाचली, पुढे संसाराला लागली. तिला स्वतःला न कळलेलं तिचं बोट मला कोल्हारात कसं कळत होतं, हे विज्ञान शिकवून म्हातारा झालो तरी मला सांगता येत नाही.