अठराव्या वाढदिवसाचं औक्षण

शाळेत माझ्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा, तोही अस्सल दिल्लीच्या हिंदीत. मयूर विहारमधल्या आमच्या फ्लॅटचं दार उघडलं, की मी 'हो आई', 'नको आई' म्हणणारी गुणाची मुलगी. यातली खरी कोण, ते माझं मलाच कळत नव्हतं. दोघी एका खोलीत सापडल्या तर दोघीही खोट्या ठरतील, या भीतीनं मी मैत्रिणींना कधी घरी येऊ दिलं नाही. कधी पाहुणे आलेत, कधी रंगकाम चाललंय. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत आमच्या घराला इतका रंग लागला, की भिंती जाड व्हायला हव्या होत्या.

अठराव्या वाढदिवसाला मैत्रिणी न सांगताच आल्या. मी पाटावर बसले होते, कपाळाला कुंकू, केसांत अक्षता, आणि आई नुकतीच तबक घेऊन ओवाळायला लागली होती. बाबांनी दार उघडलं. चौघी केक घेऊन आत आल्या आणि थबकल्या. आता हसतील, उद्या वर्गभर सांगतील.

"अरे, फूँक मार ना यार!" एकीनं उत्साहानं सांगितलं. तिला निरांजन म्हणजे आमची मेणबत्तीच वाटली.

आणि घाबरून मी फुंकर मारली.

औक्षणाचा दिवा फुंकून विझवायचा नसतो, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. आईचा हात तसाच राहिला, चेहरा पांढरा पडला. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. मला ते सहन होईना.

"अबे रुको! ताली मत बजाओ! ये बुझाते नहीं हैं, मम्मी मेरे लिए..." पुढे हिंदी सुचेना. मी आईकडे वळले. "आई, पुन्हा लाव ना. यांच्यासमोरच लाव."

आईनं वात पुढे सारली, काडी ओढली. चौघी चपला काढून गुपचूप भिंतीशी उभ्या राहिल्या. आईनं मला पुन्हा ओवाळलं.

तबक खाली ठेवून आई माझ्याकडे वळली.

"बाहेर तू अशी बोलतेस?"

मी मान डोलावली.

"अगं, मग घरी का नाही बोलत? मी आपली रोज देवापाशी बसून काळजी करते, की हिच्या तोंडातून शब्द फुटत नाही, दिल्लीत हिचा निभाव कसा लागायचा!"