पत्रकावरचं पहिलं नाव

आमच्या जिल्ह्यात न्यूज पोर्टल चालवणाऱ्याला आणखी काही येवो न येवो, पुढाऱ्यांचे वाढदिवस तोंडपाठ असावे लागतात. कुणाचा कधी येतो, कुणाला कोट घातलेला फोटो हवा, कुणाचं टक्कल दिसता कामा नये, कुणाच्या नावाआधी ‘युवा नेतृत्व’ लिहायचं, जरी त्या नेतृत्वाला नातवंडं झालेली असली तरी. शुभेच्छांचा बॅनर सकाळी सहाच्या आत वर दिसला नाही तर फोन येतो. बातमी चुकली म्हणून मला इतक्या तातडीनं कुणी कधीच फोन केलेला नाही.

मी आधी एका दैनिकाची गोंदियातली वार्ताहर होते. दैनिकानं आमच्या जिल्ह्याचं पान अर्धं केलं, मग पाव केलं, मग शेजारच्या जिल्ह्याच्या पानात ढकललं. तेव्हा मी बाहेर पडले आणि गोंदियाला लागूनच कुडव्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं पोर्टल सुरू केलं. भिंतीपलीकडे नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्याच्याकडे माणूस जळालेली मोटार घेऊन येतो, दुरुस्त झाली की पैसे देतो आणि मोटार घेऊन जातो. इतका सरळ व्यवहार मला काही जमलेला नाही. माझ्याकडे माणूस बातमी घेऊन येतो, ती लागली की तिचा स्क्रीनशॉट काढतो, गावाच्या ग्रुपवर टाकतो आणि मलाच सांगतो की लिंक कायले पाठवता, उघडायला वेळ लागते.

आणि एक प्रश्न सगळे विचारतात. तहसील कचेरीतला बाबू विचारतो, किराणावाला विचारतो, माझी सख्खी मावशीही विचारते. यामागे कोण आहे? मी म्हणते, कुणी नाही, मीच आहे. मग समोरचा हसतो. ‘मैडम, ऐसा थोड़ी होता है,’ असं मला बाजारपेठेतल्या एका कापडवाल्यानं तोंडावर सांगितलं होतं. जाहिरात द्यायला त्याची ना नव्हती. मागे कोण आहे ते एकदा कळलं की त्याला विचारून देईन, म्हणाला.

नवेगाव बांधच्या पुढे जंगलाच्या कडेला एक गाव आहे. गावाला मालगुजारांच्या काळातला जुना मामा तलाव आहे आणि त्यातून निघणारा नहर, शेतांना पाणी नेणारा कालवा. एका उन्हाळ्यात नहराचं दार उघडत नव्हतं आणि खालच्या बांध्यांमधला, म्हणजे भाताच्या खाचरांमधला, उन्हाळी धान वाळत चालला होता. मी तिथे जाऊन बातम्या केल्या, लागोपाठ केल्या, आणि दार उघडलं. त्या पाठोपाठ नहराला सिमेंटचं अस्तर करायचं कामही निघालं. ते एका ठेकेदाराला मिळालं, जो त्या भागात ‘भाऊ’ म्हणून ओळखला जातो आणि पुढारीही आहे. पावसाळ्याआधी सिमेंट लागलं. पाऊस सरता सरता ते पापुद्र्यासारखं सुटायला लागलं. मी स्वतः बोटांनी काढून पाहिलं, फोटो घेतले, आणि कामाचे कागद मिळावेत म्हणून अर्ज करून वाट बघत बसले.

पहिल्या बातम्यांनी माझे तीन वाढदिवस गेले होते. म्हणजे माझे नव्हेत, पुढाऱ्यांचे. त्यांच्या माणसांनी रागावून शुभेच्छांच्या जाहिराती दुसऱ्या पोर्टलवर नेल्या. इकडे होस्टिंगचं वर्ष दिवाळीनंतर संपत होतं. नवरा म्हणाला, दुकानातून भरू. मला ते नको होतं. मोटारी दुरुस्त करून पोर्टल चालवायचं तर ते पोर्टल नव्हे, माझा छंद झाला. तेव्हा मी ठरवलं की आता वाचकांकडेच जायचं. ज्यांच्या शेतात पाणी आलं त्यांनी महिन्याला चहाच्या पैशाएवढं द्यावं. पाच-पन्नास गावांतून असे थोडे थोडे लोक उभे राहिले की मला कुणाच्या वाढदिवसाची गरज उरणार नाही आणि ‘मागे कोण आहे’ या प्रश्नाला छातीठोक उत्तर देता येईल. माझा सगळा जीव त्या एका उत्तरात अडकला होता.

त्या गावातच सुरुवात केली. तिथल्या मंडई समितीच्या अध्यक्षांना मी काका म्हणते. त्यांचं छोटं किराणा दुकान आहे आणि नहराच्या बातम्यांच्या वेळी तेच मला गाडीवर बसवून बांधोबांधी फिरले होते. मी माझी कल्पना त्यांना समजावून सांगितली. ते मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, हे आमच्यावर सोडा, गावाले पैसा जमा कराची सवय हाय. मी इतकी खूश झाले की घरी येताना नवऱ्यासाठी जिलेबी घेतली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुपारी बाजार, पाहुणेरावळे, रात्री नाटक. नाटकाचा खर्च मोठा असतो आणि तो निघतो पत्रकातून. पत्रकावर सगळ्यात वर उद्घाटक, मग सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वालक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी. नावांची अशी रांग लागते की नाटकाचं नाव चष्मा लावून शोधावं लागतं. ज्याचं नाव जितकं वर, त्याची देणगी तितकी मोठी. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही नव्हतं वाटलं. अशा कितीतरी पत्रकांच्या बातम्या मी स्वतः लावल्या आहेत, सगळ्या नावांसकट, कारण एक नाव गळलं तर फोन येतो.

मंडईच्या दिवशी दुपारी मी नवऱ्याच्या गाडीवर बसून गावात पोचले तर एसटीच्या थांब्यावरच मला माझा फोटो दिसला. गुलाबी कागद, मध्ये माझ्या पोर्टलचं नाव, खाली ‘निर्भीड पत्रकारितेस गावकऱ्यांचा मदतीचा हात – भव्य सत्कार व निधी अर्पण सोहळा’. आणि सगळ्यात वर, उद्घाटक म्हणून, माझ्या नावाच्या दुप्पट अक्षरांत, भाऊ.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी काकांना शोधत मांडवात गेले. पण तोवर लोकांनी मला ओळखलं होतं, बायका येऊन हात धरत होत्या, कुणी चहा, कुणी बोंडं आणून देत होतं. रात्रीच्या नाटकासाठी बांधलेल्या रंगमंचावर खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि मला त्यातल्या एकीवर नेऊन बसवलं. शेजारच्या खुर्चीवर भाऊ. त्यांनी मला अगदी आदरानं नमस्कार केला. त्यांचा माझ्यावर काही राग असेल असं चेहऱ्यावरून वाटत नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त संताप आला.

भाऊ उद्घाटनाला उभे राहिले, थोडं बोलले. लोकशाही, चौथा स्तंभ, आमच्या ताई. आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाले, “हे पोर्टल आता आपलंच आहे.”

टाळ्या पडल्या. समोर माझे वाचक बसले होते, ज्यांच्यासाठी मी उन्हात बांधावरून चालले होते ते सगळे, आणि तेच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, पाकीट मिळालं. मी माइकवर काय बोलले ते आठवत नाही. आभार मानले असावेत. चारचौघांत गावाचा पाणउतारा करायची हिंमत मला झाली नाही.

खाली उतरल्यावर मी काकांना रंगमंचामागे गाठलं, पाकीट त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले की हे मला घेता येणार नाही. ज्या नहराचं सिमेंट बोटानं निघतं, त्याचं काम याच माणसानं केलं आहे, हे तुम्हाला माहीत नाही का? काकांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. ते खरोखर गोंधळले होते, मी असं का करते म्हणून.

“दरसाल भाऊच्याच पैशानं नाटक होते, ताई,” ते म्हणाले. “नाटकात ठेकेदार असते, गावाले लुटते, शेवटी पोलीस त्याले धरून नेते. भाऊ समोरच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवते. त्याले राग येत नाही, आमाले लाज वाटत नाही. मंग तुमाले काऊन तरास होऊन राहिला?”

मी म्हणाले, “काका, नाटकातल्या ठेकेदाराला नाव नसतं. बातमीत नाव लिहावं लागतं.”

पाकीट त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं, पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दारोदार फिरून, मोठ्यातली मोठी देणगी मिळवून, स्वतःच्या परीनं माझं भलं केलं होतं आणि मी ते त्यांच्या हातावर परत ठेवलं होतं. मला त्यांची कीव आली, स्वतःची आली, आणि राग कुणावर काढावा हे कळेना. मी नाटकाला न थांबता निघाले. परतीच्या वाटेवर नवरा गाडी चालवत होता आणि मी मागे बसून एकटीच बडबडत होते. तो एकदाच म्हणाला की शाल चांगली आहे.

कामाचे कागद हाती आले तेव्हा मी बातमी लावली. फोटो, कामाचा तपशील, खात्याचं उत्तर, आणि ठेकेदाराचं पूर्ण नाव. भाऊंचं म्हणणंही घेतलं होतं. तपासून बघू, म्हणाले, तेवढंच. मला वाटलं होतं की निदान या बातमीनं त्या मंडपातला डाग धुऊन निघेल. कसलं काय. संध्याकाळपर्यंत जिल्हाभरच्या ग्रुपांवर माझ्या बातमीशेजारी तो गुलाबी कागद फिरायला लागला. वर भाऊंचं नाव, मध्ये माझा फोटो. खाली कुणी लिहिलं होतं, आकडा कमी पडला वाटते. हसण्याच्या चित्रांची रांग. पाकीट परत केलं हे कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते बोलले नाहीत. माझी लिंक मात्र तेव्हाही कुणी उघडली नाही. स्क्रीनशॉटवरच न्यायनिवाडा झाला.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. मला वाटलं, रागावतील. ते रागावले नव्हते.

“बातमी खरी हाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “कोनी नाही म्हनत नाही. सगळं राहू द्या. फक्त नाव काढून टाका. पुढच्या सालचं नाटक हाय ना.”

मी नाव काढलं नाही. ते अजून तिथे आहे. नहराची चौकशी होणार असं एका कागदावर आलं आहे, पाहू. काकांनी त्यानंतर गावच्या बातम्या दुसऱ्या पोर्टलला द्यायला सुरुवात केली. होस्टिंगचे पैसे शेवटी दुकानातूनच भरले. नवऱ्यानं एक शब्दही न बोलता भरले, आणि तो बोलला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं, निदान भांडता आलं असतं.

मी मात्र चिडून पोर्टलच्या तळाशी एक ओळ टाकली, ‘वाचकांच्या सहकार्याने’, आणि खाली पैसे पाठवायचा कोड ठेवला. बरेच दिवस तिथून काहीच आलं नाही. मग एके सकाळी मोबाइलवर अगदी लहानशी रक्कम आली. पाठवणाऱ्या बाईचं नाव मी ओळखलं. त्याच गावातली, नहराच्या अगदी शेवटच्या टोकाला तिची बांधी आहे, जिथे पाणी सगळ्यांत उशिरा पोचतं. मंडईत टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती. पैशांसोबत एक ओळ होती.

“ताई, नाव टाकू नोका.”

भीतीनं लिहिलं की तिला खरंच नाव नको होतं, मी विचारलं नाही. त्यानंतर दर महिन्याला तेवढीच रक्कम येते. तेवढ्यात पोर्टल चालत नाही, हे मला कळतं. वाढदिवसांचे बॅनर मी पुन्हा घ्यायला लागले आहे, काही करून महिना भागवायचा असतो. भाऊंचा वाढदिवस मात्र घेत नाही.

परवा तो कापडवाला भेटला. त्यानं पुन्हा विचारलं, यामागे कोण आहे. इतकी वर्षं मी ज्या उत्तरासाठी धडपडत होते ते आता माझ्याकडे आहे, एका बाईचं का होईना. पण तिनं नाव सांगू नको म्हटलंय. मी ‘कुणी नाही’ म्हणाले, आणि तो हसला.