उल्काची डोकेदुखी

उल्का सबनीस पेणला अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायची. लग्न करून सिंगापूरला आली आणि वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये फोडण्या देत बसली. फ्लॅट नवऱ्याच्या, म्हणजे चारुदत्तच्या मालकीचा, आणि हे तो चार वाक्यांत तीनदा ऐकवायचा. माझा नवरा निशिकांत वन-नॉर्थच्या ऑफिसात त्याच्याच हाताखाली. आमचा पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, त्याच्या शिफारशीशिवाय पुढे सरकत नसे, म्हणून त्याच्या विनोदांना आम्ही दोघंही हसायचो. हो, मीसुद्धा.

त्यांची बाथरूम स्वयंपाकघरातच उघडायची आणि तिच्या दाराशेजारी भिंतीवर गॅसचा गीझर होता. त्याचा धूर बाहेर जायला समोरची एकच खिडकी. फोडणीच्या वासाबद्दल वरच्या मजल्यावरून तक्रार आली, तेव्हा या शहाण्यानं खिडकीवर जाड प्लॅस्टिक लावून चारी बाजूंनी टेप मारली. आपल्या लोकांचं नाव खराब व्हायला नको म्हणे.

मग उल्काचं डोकं दुखू लागलं. मळमळायचं, पाय लटपटायचे. माझ्याकडे दिवसभर राहिली की अगदी ठणठणीत. तिनं गीझरची ज्योत पाहिली. निळी हवी ती पिवळी झाली होती, वरच्या भिंतीवर काजळी धरली होती. तिनं नवऱ्याला बजावलं की यातून विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, खिडकी उघडी हवी. तो इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात चारचौघांत म्हणाला, "आमच्या हिचं डोकं नेमकं स्वयंपाकाच्या वेळी दुखतं." सगळे खो खो हसले. उल्का ताटं वाढत राहिली.

एकदा माझ्यासमोर तिनं ते प्लॅस्टिक टराटरा फाडलं. संध्याकाळी चारुदत्तनं नवं लावलं. "वहिनी, जरा धरता का?" म्हणाला, आणि टेपचा रोल मी धरला. उल्का माझ्याकडे बघत होती.

त्या दिवाळीत, २०१४ साली, त्याचे आईवडील आले होते. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानं सुरू झाली. सासरे, सासू, मग चारुदत्त. गीझर तासभर चालू. उल्का त्या बंद स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी तेल कोमट करत होती, उटणं कालवत होती, कारण घरच्या सुनेनं शेवटी न्हायचं. तिची न्हायची पाळी आली तेव्हा ती ओट्याखाली पडलेली होती. सासूला वाटलं, पुन्हा सोंग करतेय. फराळाची ताटं मांडून झाल्यावर तिला हलवून पाहिलं.

आम्ही पोचलो तेव्हा अँब्युलन्सवाल्यांनी हात टेकले होते. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं खिडकीकडे बोट दाखवलं आणि हे कुणी बंद केलं, असं विचारलं.

"तिनंच," चारुदत्त म्हणाला. "तिला वासाची लाज वाटायची."

अधिकारी माझ्याकडे वळला. मैत्रीण म्हणून मला काही ठाऊक आहे का, असं त्यानं विचारलं. निशिकांतनं माझा दंड घट्ट धरला.

"नाही," मी म्हणाले.

जीभ झडायला हवी होती माझी. झडली नाही. चारुदत्तनं मला बसायला खुर्ची दिली. पुढच्या महिन्यात आमचा पास आला, दोन वर्षांचा.