तीन बोटं आखूड

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे विटांचा गारा तुडवणं. दारव्ह्याबाहेर, बोरीच्या रस्त्याला, घरासाठी जागा घेतली होती. ती लुगडं वर खोचून चिखलात गोल गोल फिरत होती अन् वरून कुटार, म्हणजे भुसा, टाकत होती. मी म्हटलं, "कुटार कमी टाक, वीट फुटंल."

"तुमी आपले पाय चालवा. तोंड कायले चालवता?"

संध्याकाळी तिला ताप भरला. सहाव्या दिवशी ती गेली. साल अठ्ठावन्न की एकोणसाठ, आता नक्की सांगता येत नाही. उन्हाळा होता एवढं खरं.

मी जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या तपासायचो. चौथीपर्यंत शिकलो. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा अन् आत ओला कापूस भरला का, गोटे टाकले का, ते पाहायचं. सोळा वर्षं हेच केल्यावर माणूस वरवरचं काहीच खरं मानत नाही. बायको म्हणायची, "तुमी देवाच्या परसादातही हात खुपसून पाह्यसान." पाहिलाही असता.

तेरवी झाली. घर थांबवायची सोय नव्हती. होतं नव्हतं ते जागेत, दोन गाड्या कवेलूत, म्हणजे छपराच्या कौलांत, अन् एका पडक्या बंगल्याच्या जुन्या सागाच्या दोन दारांत गेलं होतं. विटा कच्च्या, उघड्यावर रचलेल्या. मिरगाच्या आत भिंती चढून वर कवेलू पडले नाहीत, तर सगळ्याचा पुन्हा चिखल. दुसऱ्यांदा घर बांधायची माझी ऐपत नव्हती.

मिस्त्री गावातलाच मुसलमान, बापजाद्यांपासून गवंडीकाम. मजुरीचा ठेका एकदम ठरला होता. म्हणजे घर जेवढं लहान, तेवढी त्याची मेहनत कमी. हे माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होतं.

आमच्याकडं घर बांधताना मालकाच्या हाताएवढी काठी तोडतात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मग घराची सगळी मापं त्याच काठीनं. माझ्या हाताची काठी माझ्यासमोर तोडली होती. स्वयंपाकाची खोली नऊ हात ठरली होती.

एका दुपारी मिस्त्री जेवायला गेला तेव्हा मी भिंतीला हात लावून मोजलं. आठ हातांत भिंत संपली. पुन्हा मोजलं. आठच. मग त्याची काठी उचलून कोपराला टेकवली. माझ्या बोटाच्या टोकापर्यंत पोचेचना. तीन बोटं आखूड.

जिनात गोटा हाती लागला की जसं वाटायचं, तसं वाटलं. धरला चोर! तो बिडी ओढत परत आला तेव्हा मी लोखंडी सब्बल घेऊन वरचे दोन थर पाडून बसलो होतो.

"भाऊ, हे काय केलं?"

"काठी कोणी कापली?"

त्यानं काठीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "ते तुमची काठी नाई. भाभीच्या हाताची आहे."

"मेलेल्या माणसाचं नाव कायले घेतं बे? माही काठी कुठं हाये?"

"भाभीनं चुलीत घातली. म्हणे, त्यायच्या हातानं घर मोठं होईल अन् कवेलू पुरणार नाईत. मंग ते उधार आणतीन, नाईतर ओसरी उघडी ठेवतीन. कवेलू आहेत तेवढंच घर कर. माह्या हातानं कर. अन् त्यायले सांगू नको, ते ओरडतीन."

"खोटं!"

"खोटं तर खोटं. मले दुसरीकडं काम आहे." त्यानं थापी धुतली, ओळंबा गुंडाळला, थैली उचलली अन् निघून गेला.

मला आठवलं. तापाच्या तीन-चार दिवस आधी मी जागेवर गेलतो, तर दोघं कडुनिंबाखाली उभे. मला पाहून तिनं हात पदराखाली घेतला. मी विचारलं, "काय चालू आहे?" ती म्हणाली, "काई नाई, चुलीची जागा दाखवून राह्यली." तेव्हाच मला वाटलं होतं, ही याला चोरून काही देते. लिहायला लाज वाटते, पण तिच्या तेरवीनंतरही मी तिच्यावर संशय घेतला.

काठी घेऊन घरी आलो. मिस्त्री खरं बोलला का, कसं पाहणार? तिचा हात तर राहिला नव्हता. मग गोधडी काढली. नव्या घरासाठी म्हणून तिनं ती माझ्यासमोर स्वतःच्या हातानं मोजून शिवली होती, पाच हात लांब, तीन हात रुंद. जमिनीवर पसरली अन् काठी लावत गेलो. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवी काठी शेवटच्या टाक्यावर संपली. तरी माझं मन म्हणे, मिस्त्रीनं ही गोधडी कुठं पाहिली तर नसंल? मग आडव्या बाजूनं मोजलं. तीन. तेव्हा काठी खाली ठेवली. ती गेली तेव्हा चार माणसांसमोर रडता आलं नव्हतं. त्या दिवशी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीच्या दारात गेलो. तो दुसऱ्याच्या कामावर निघायच्या बेतात होता. माफी मागायची मला सवय नव्हती. म्हटलं, "भिंत मी पाडली. त्या दोन थराची मजुरी वेगळी."

"अन् मले चोर म्हटलं, त्याची?"

"त्याची काय घेता ते सांगा."

त्यानं खांद्यावरची थैली दारात ठेवली. मग आत पाहून बायकोला म्हणाला, "चाय ठेव. भाऊ आले, कमी साखरेचा बनवशीन तर त्यायले समजंल."

चहा झाला. तो चपला शोधत होता तेवढ्यात मी त्याची हत्यारांची थैली खांद्यावर घेतली.

"मोजून घ्या, भाऊ, काय काय हाये आत. मंग मलेच म्हणसान."

"चाला," मी म्हटलं, अन् न मोजता पुढं निघालो. उन्हं चढायच्या आत पाडलेले दोन थर पुन्हा वर गेले. खाली उभं राहून विटा मीच देत होतो.