बोलणं शिकवणाऱ्याची पारख

रंधा चालला की ढलप्या साचतात, तसे सावली गावातल्या माझ्या सुतारी दुकानात किस्से साचतात. झाडायला कोणाला वेळ आहे! हे सगळे नातीचे. पिंकी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तिला शिकवणारा शोधायचं काम मी अंगावर घेतलं. मी चौथी पास, पण कारागीर ओळखतो. कामावर घेताना एकच विचारतो, "कोणापाशी शिकला?"

*

शेजारच्या कादरभाई टेलरनी जिभेला मुळी घासणारा एक वैदू आणला. मी माझा प्रश्न टाकला.

"स्वप्नात शिकलो," तो म्हणाला.

"मंग स्वप्नातच घासजो!"

कादरभाई आठ दिवस चहाला आले नाहीत.

*

चंद्रपुरात एकाची मोठी पाटी, स्पीच स्पेशालिस्ट. भिंतीवर सर्टिफिकेट, फ्रेम अस्सल सागवानाची. इंग्रजी मला येत नाही. सुनेला म्हटलं, "वाच."

ती हळूच म्हणाली, "मामाजी, हे टायपिंगचं आहे."

मी उठलो. "फ्रेम चांगली आहे जी!"

*

दुसऱ्याने तीन महिन्यांत पोरीला बोलती करायची गॅरंटी दिली. पोरीकडे अजून पाहिलंही नव्हतं.

"लाकूड पाह्यल्याबिगर मी दाराची गॅरंटी देत नाई!"

*

मग बोलणं शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. वय सुनेएवढं. माझ्या प्रश्नाला रागावल्या नाहीत. कॉलेज, किती वर्षं, कोणाच्या हाताखाली, सगळं सांगितलं. नोंदणीचा कागद दाखवला, सुनेने पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, "आधी कान तपासू. त्याबिगर मी सुरू करत नाई."

आधी मोजमाप, मग करवत. मला पटलं.

कान कमजोर निघाले. मशीन बसली.

बाई म्हणाल्या, "आता भाऊ, दिवसभर तिच्याशी बोलायचं."

"मी? मी तर कामात बोलत नाई."

"म्हणून तर तुम्हालेच सांगून राह्यली!"

तेव्हापासून पिंकीला दुकानात बसवून मी बडबडतो. "हा रंधा. हा खिळा. हे गिऱ्हाईक." कादरभाई दारातून ओरडले, "काऊन जी भाऊ, निवडणुकीले उभे राह्यले का?"

*

वर्ष गेलं. पिंकी दोन-दोन शब्द जोडायला लागली. एकदा बाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी नवे सर आले, टाय लावलेले. मी घसा साफ केला.

त्याआधीच पिंकी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. कमरेवर हात.

"कोणापाशी शिकला?"

सरांनी बॅग उघडली, कागद काढला. पिंकीने तो घेतला आणि सुनेच्या हातात दिला.

"आई, वाच!"