धुळ्याच्या वहीत अकरावा

नव्वदच्या दशकात जळगावात माझा कॉम्प्युटर क्लास होता. क्लासच्या रिकाम्या वेळात मी मराठी टाइप करायचा एक प्रोग्रॅम लिहिला आणि मागेल त्याला फ्लॉपीवर फुकट दिला, आतल्या कोडसकट. अट एकच: कुणी त्यात काही सुधारलं, तर काय बदललं ते लेबलावर पेन्सिलीनं लिहून फ्लॉपी परत आणायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी सावद्यापासून धुळ्यापर्यंतचे लोक यायचे. मला पटेल ते मी मूळ फ्लॉपीत घालायचो. ती फ्लॉपी माझ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात.

पुढे आलेल्या फ्लॉप्या बिस्किटांच्या डब्यात साठत गेल्या. एक डबा भरला, मी दुसरा आणला. मला वेळ नव्हता आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नव्हता. धुळ्याला कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंनी हे चारचौघांत बोलून दाखवलं.

"भाऊ, राग मानू नका, पण तुमच्याकडे आत गेलेलं बाहेर येत नाही."

राग आलाच. पण त्यांचीच फ्लॉपी आठ महिने माझ्या डब्यात पडून होती, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर मूळ फ्लॉपी त्यांच्या हातात दिली. यापुढे सांभाळणं त्यांचं, असं सांगून वर छोटं भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या. मोठेपणाचं ते सुख जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकलं.

सोमवारपासून हात शिवशिवायला लागले. कपाटात एक नक्कल ठेवली होती, ती काढून मी उगाच इथे तिथे दुरुस्त्या करत बसलो. जेवताना लक्ष नाही, क्लासमध्ये लक्ष नाही. बायको म्हणाली, "मुलगी सासरी पाठवली म्हणता आणि रोज तिच्या स्वयंपाकघरात जाऊन फोडणी घालता." मी ऐकलं नाही. अक्षरांना प्रोग्रॅमच्या आत जे क्रमांक दिले होते, ते मी नव्यानं लावले. माझी मांडणी जास्त सुबक होती, हे मी आजही म्हणेन. सवयीनं कुणी दारात आलं की मी तीच फ्लॉपी द्यायचो. बाईंना कळवलं नाही.

मग एका दुपारी नरडाण्याचा छापखानेवाला आला. शाळांचे पेपर तो छापायचा. बाईंच्या फ्लॉपीवर त्यानं सहा पेपर टाइप केले होते आणि त्यानंतर माझी फ्लॉपी नेऊन मशीनवर चढवली होती. पेपर उघडले तर सगळी खिचडी, एका अक्षराच्या जागी भलतंच अक्षर. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, म्हणून नवरा-बायकोनं मिळून सहाच्या सहा पुन्हा टाइप केले. तो चिडला नव्हता, नुसता थकला होता.

"भाऊ, बठ्ठं काम वाया गयं. तुमनी फ्लॉपी खरी शे का ताईनी?"

खरी फ्लॉपी कुणाची, माझी की बाईंची, एवढंच त्याला हवं होतं. 'माझी' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी त्याला चहा विचारला आणि विषय टाळला. तो गेल्यावर मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी माझी फ्लॉपी घेऊन धुळ्याला गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील, निदान मला समोर बसवून माझी मांडणी बघतील, असं वाटलं होतं. त्यांनी आलेल्या फ्लॉप्यांची नोंदवही पुढे ओढली.

"लेबलावर लिहिलंय ना भाऊ? ठेवा इथे. तुमचा नंबर अकरावा."

पाच आठवड्यांनी फ्लॉपी टपालानं परत आली. सोबत बाईंची चालू फ्लॉपी आणि चिठ्ठी होती: मांडणी चांगली आहे, पण आधी टाइप केलेलं लोकांचं काहीच उघडणार नाही, म्हणून घेत नाही. तीन दिवस मी ती चिठ्ठी खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी परत आलेली माझी फ्लॉपी आणि कपाटातली नक्कल, दोन्ही पुसल्या.

त्या रविवारी छापखानेवाला पुन्हा दारात उभा राहिला आणि नवी फ्लॉपी मागू लागला.

"माझी आता नाही," मी म्हणालो. "ताईंची खरी. धुळ्याला जा."

तो गेला. मी कॉम्प्युटरवर कपडा टाकला, दहा मिनिटांनी काढला आणि बाईंची फ्लॉपी लावली. तासाभरात एक चूक सापडली. दुरुस्त करायला दोन मिनिटंही लागली नसती. हात मांडीखाली दाबून मी थोडा वेळ बसलो. मग पोस्टकार्ड घेतलं आणि त्यावर धुळ्याचा पत्ता घातला.