डब्यातलं कुरण आणि तेरड्याची गौर

रानफुलं पेरावी लागतात, हे मला सिंगापूरला आल्यावर कळलं. तोपर्यंत माझा समज होता की पेरतात ते पीक आणि न पेरता येतं ते रान. पण माझा नवरा ऑफिसच्या कामासाठी इंग्लंडला जाऊन आला आणि येताना त्याने एक पत्र्याचा डबा आणला. डब्यावर हिरव्यागार गवतात लाल, निळी, पिवळी फुलं आणि त्यांतून पळणारी एक सोनेरी केसांची मुलगी. आत वाळूत कालवलेलं मूठभर बी.

"कुरण आहे," तो म्हणाला. "आख्खं कुरण. नुसतं फेकायचं, बास."

"आणि गुरं?" मी विचारलं. त्याला ते आवडलं नाही.

आम्ही तेव्हा सिमेईला एका कॉन्डोत तळमजल्यावर भाड्याने राहत होतो, नवऱ्याच्या चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसपासून जवळ. तळमजला घेतला म्हणून ओळखीच्या मराठी मंडळींनी आम्हाला वेड्यात काढलं होतं. व्ह्यू नाही, डास येणार, आणि वर राहणारे लोक तुमच्या डोक्यावर चालणार. पण मागच्या दारी दोन खाटा मावतील एवढी मातीची पट्टी होती, आणि मी त्या पट्टीसाठीच घर घेतलं होतं. तिथे मला कढीपत्ता आणि अळू लावायचं होतं. तिथे आता इंग्लंड उगवणार होतं.

मी साताऱ्याची. कासचं पठार आमच्या डोक्यावर. पाऊस सरत आला की तिथे असं काही फुलतं की माणसाने गप्प बसावं. मी शाळेत होते तेव्हा तिथे गुराखी असायचे आणि आम्ही. आता लोक तिकीट काढून जातात, फुलांतच बसकण मारतात आणि निसर्ग वाचवा असं लिहून फोटो टाकतात. तर अशा गावच्या मुलीला एक प्रोजेक्ट मॅनेजर रानफुलांचं शिक्षण देऊ लागला. माती निकस हवी, म्हणून त्याने चांगल्या मातीत पोतंभर वाळू कालवली. पैसे देऊन माती बिघडवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

पहिलं बी दुपारच्या एका सरीत वाहून गटारात गेलं. दुसऱ्यांदा फेकलेलं उगवलं, दोऱ्यासारखं, आणि चार उन्हं खाऊन आडवं झालं. मग त्याला नेटवर कळलं की या बियांना आधी थंडी लागते. त्याने उरलेला डबा फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी ठेवला. तेरा वर्षांच्या आमच्या लेकीने फ्रिज उघडून ते बघितलं आणि इथल्या पोरांच्या हेलात म्हणाली, "बाबा, वी आर ऑन द इक्वेटर, लाह." घरात अक्कल नेमकी कोणाकडे आहे, हे मला तेव्हा कळलं.

एवढं होऊन रविवारी जेवायला आलेले पाहुणे त्या उघड्या वाळूकडे बघून म्हणायचे, "किती छान कन्सेप्ट!" मी पोळ्या लाटत राहायचे. नवऱ्याच्या हौशी मला नव्या नव्हत्या. आधी मत्स्यालय झालं, मग बासरी झाली, मग महागडी सायकल. सगळा तेरड्याचा रंग, तीन दिवस.

त्याच सुमारास आईचा फोन आला.

आमच्या माहेरी तेरड्याच्या गौरी. मुखवटे नाहीत, उभ्या गौरी नाहीत. भाद्रपदात रानातून तेरड्याची रोपं मुळासकट उपटून आणायची, मुळं धुवायची, जुडी बांधून सुपात ठेवायची आणि तिला साडी नेसवायची. तीच गौर. आई लग्न होऊन आली तेव्हापासून एक वर्ष चुकलेलं नव्हतं. आदल्या वर्षी भावाने आईवडिलांना पुण्यात आपल्या टॉवरमध्ये नेलं. तिथे मंडईत तेरडा मिळाला, पण कात्रीने कापलेला, रबरबँड लावलेला. आईने तो घरात घेतला नाही. "मुळं नाहीत ती गौर कसली? ती भाजी," म्हणाली. भाऊ म्हणाला, मग मुखवटे आणू या, चांगले मिळतात. त्या वर्षी गौर बसली नाही.

फोनवर आई म्हणाली, "यंदाही नाही मिळाला तर बंद करते. सूप नदीला सोडते. माझ्यामागे कोण करणार आहे असंही?"

माझी आई रडकी बाई नाही. हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, आणि म्हणूनच मला धस्स झालं. एवढ्या वर्षांची गौर एका टॉवरच्या लिफ्टमध्ये संपणार होती. मी काही विचार न करता बोलून गेले, "तू इकडे ये. मी लावते तेरडा."

"लेकीच्या घरी माझी गौर?" आईने विचारलं. पण नाही म्हणाली नाही. पुण्याहून सासूबाईंनी मात्र आठवण करून दिली की आपल्याकडे खड्याच्या गौरी असतात. मी त्यांना म्हटलं, खडे सिंगापुरात वाटेल तेवढे आहेत, त्यांची काळजी नको.

तेरडा सापडला पुलाउ उबीन बेटावर. नवऱ्याची महागडी सायकल एकदाची बंबोटीत, म्हणजे बेटावर नेणाऱ्या लहान होडीत, चढली होती, आणि मी मागून भाड्याच्या सायकलवर धापा टाकत होते. एका जुन्या लाकडी घराच्या फाटकाशी गुलाबी तेरडा उभा होता, शेंगांनी लगडलेला. मी सायकल टाकून दिली. घरातून एक म्हातारी मलय बाई आली. तिला माझं कळेना, मला तिचं. मी एक शेंग बोटाने दाबली. ती टचकन फुटली आणि बी उडालं, तशा आम्ही दोघी हसलो. तिने मला तिची नखं दाखवली, लालसर रंगवलेली, आणि फुलाकडे बोट केलं. मग इथे कॉफी बांधून देतात तसल्या दोरी लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मला ओंजळभर शेंगा दिल्या. तिच्याकडे डबा नव्हता आणि डब्यावरची मुलगीही नव्हती.

बी घरी आलं आणि नवऱ्याच्या अंगात पुन्हा प्रोजेक्ट मॅनेजर संचारला. "हे माझ्यावर सोड," म्हणाला. त्याने एक्सेल उघडलं. गौरींना तो गो-लाइव्ह म्हणत होता. तिथून उलटं मोजत त्याने पेरायचा दिवस काढला, खताचे दिवस काढले, धोके लिहिले: पाऊस, गोगलगाय, बायको. गौरींची तारीख त्याने गेल्या वर्षीच्या ईमेलमधून घेतली, सप्टेंबरचा पहिला आठवडा. दर जानेवारीत पुण्याहून येणारं कोणीतरी आमच्यासाठी मराठी कॅलेंडर आणायचं. त्या वर्षी कोणी आणलं नाही आणि स्वयंपाकघरात बँकेचं कॅलेंडर लागलं, ज्यात भाद्रपद नसतो.

त्याने पेरणी केली त्याच दिवसांत ऑफिसातल्या एकाबरोबर आईने डबा पाठवला. जावयासाठी अनारसे. जावई एका हातात पाण्याची झारी आणि एका हातात अनारसा घेऊन वाफ्याभोवती फिरायचा. यंदा अनारसे कसे काय, हे त्याने विचारलं नाही. मला ठाऊक होतं की ते अधिकाचं वाण आहे. पण माझं अधिक महिन्याचं ज्ञान अनारशापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

तिकिटं नवऱ्याने काढली. आई म्हणाली, "इतक्या लवकर कशाला?" आम्हाला वाटलं, लेकीकडे जास्त राहायचा संकोच. तिला वाटलं, लेकीला घाई झालीये. वडील विमानाला घाबरून पुण्यातच राहिले.

ऑगस्टच्या शेवटी आई आली तेव्हा तेरडा असा फुलला होता की वरच्या मजल्यावरचे लोक कठड्यावरून वाकून बघायचे. कमरेएवढी रोपं आणि पानापानाच्या बेचक्यात गुलाबी फूल. आईने मागचं दार उघडलं आणि उभी राहिली. "रंग जरा भडक आहे," म्हणाली. माझ्या आईच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. नवरा तर असा उभा होता की जणू पाकळ्या त्यानेच चिकटवल्या.

रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, आता पाचच दिवस."

"कशाला?"

"गौरींना."

आईने भातावर वरण घेतलं. "अहो, यंदा अधिक आषाढ झाला ना? सगळंच पुढे गेलं. गौरी अजून तीन आठवड्यांनी." मग थांबून म्हणाली, "अनारसे मिळाले होते ना तुम्हाला?"

मी नवऱ्याला नंतर काय बोलले ते इथे लिहीत नाही. स्वतःला काही बोलले नाही. घरात चूक कोणाची हे एकदा ठरलं की पुन्हा तो विषय उकरू नये.

पुढचे तीन आठवडे मी सकाळचा चहा ठेवायच्या आधी मागचं दार उघडायचे. रोज खाली गुलाबी सडा आणि वर शेंगा. त्यातच शेजारच्या देशातला जंगल जाळल्याचा धूर आला, सगळं शहर जळक्या वासाचं झालं, आणि लोक मास्क लावून बसच्या रांगेत उभे राहायला लागले. नवऱ्याने कळ्या खुडून बघितल्या, म्हणजे नव्या उशिरा येतील. मुळाशी बर्फ टाकून बघितला. दुपारी ऑफिसातून येऊन तो तेरड्यावर छत्री धरून उभा राहिला. इंग्लंड पेरायला निघालेला माणूस आता इंग्लंडचं हवामान आणायला निघाला होता. एकदा म्हणाला, "ऑर्किड चालेल का? नॅशनल फ्लॉवर आहे."

आई काही बोलत नव्हती, आणि तेच मला सोसत नव्हतं. तिने ओरडावं, मला बावळट म्हणावं, असं मला वाटत होतं. ती संध्याकाळी धूर जरा विरला की नातीला घेऊन वाफ्यात जायची आणि दोघी शेंगा फोडत बसायच्या. टच्, टच्. लेक ओरडायची, "आजी, अगेन!" मी आतून चिडायचे. इथे माझा जीव टांगणीला, आणि या दोघींचा खेळ चाललाय.

गौरींच्या आदल्या रात्री वादळी पाऊस झाला. सकाळी बघितलं तर सगळा तेरडा लोळला होता, देठ काळे, बुडाशी कुजलेले. एकही फूल नव्हतं. मी दारातच बसले. मला आईकडे बघवेना. आता ती सूप घेऊन परत जाईल आणि नदीला सोडेल, एवढंच मला दिसत होतं.

आई आतून सूप घेऊन आली. आपल्या बॅगेत कपड्यांच्या घडीत तिने ते आणलं होतं, शेणाने सारवलेलं, तिच्या सासूचं. गुडघ्याला हात लावत ती वाफ्यात वाकली आणि कुजलेले देठ बाजूला सारले. खाली सगळं हिरवं होतं. दोन आठवडे फोडलेल्या शेंगांचं बी जिथे पडलं तिथे उगवलं होतं, चार चार पानांची रोपं, गर्दीने. नवऱ्याने ओतलेल्या त्या वाळूतून ती अलगद निघाली, पांढऱ्या मुळांसकट. पैसे देऊन बिघडवलेल्या मातीचा एवढा एकच उपयोग झाला.

"फूल नाही गं एकही," मी म्हटलं.

"गौर मुळांची असते. फुलं आपली हौस," आई म्हणाली आणि जुडी बांधायला लागली. ती जुडी माझ्या करंगळीएवढी उंच होती. तिला नेसवायला आईने आपला नवा खण आणला होता, तो तिने हातरुमालाएवढा दुमडला.

सूप लेकीच्या हातात दिलं. ती मागच्या दाराशी उभी राहिली, मी तिच्या पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "गौर आली कशाच्या पावलांनी?" आजीने पढवलेलं उत्तर तिने एका श्वासात म्हटलं, "सोन्याच्या पावलांनी." मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "करेक्ट ऑर नॉट?" मी मान हलवली आणि तिला आत घेतलं. नवरा फोटो काढत होता.

तिसऱ्या दिवशी बादलीत विसर्जन झालं आणि ते पाणी वाफ्यात गेलं. आठवड्याने आम्ही आईला विमानतळावर पोचवायला गेलो. बॅग वजनकाट्यावर ठेवली तर ती फार हलकी भरली. मी म्हटलं, "काही राहिलं का तुझं?"

"सूप ठेवलंय तुझ्या देवाजवळ," आई म्हणाली. "ओलं करू नकोस, बुरशी येते."

आई पासपोर्ट हातात घेऊन रांगेत लागली, दोन पावलं गेली आणि परत वळली.

"पुढच्या वर्षी गौरी लवकर येतात," ती म्हणाली. "जावयांना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर परत बसतील कॉम्प्युटरवर बघत."